शिंगाड्याच्या दिवसांतला गुडघा

दसरा जवळ आला की गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात शिंगाडे उतरतात. आधी हिरवे, कोवळे, देठाला अजून वेलीचा तुकडा चिकटलेला. मग लालसर. आणि थंडी नीट बसली की उकडलेले, काळेकुट्ट, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेले. पोतं बाजूला केलं की जी वाफ येते तिला खाण्याच्या वस्तूचा वास नसतोच. तो तलावाचा वास असतो. गाळाचा, शेवाळाचा, दुपारभर उन्हात तापलेल्या पाण्याचा. विकायला बसलेली बाई म्हणते, "घ्या ना मॅडम, तलावातले आहेत." तलावातले नाहीत तर काय झाडावरचे असणार, असं माझ्या अगदी जिभेवर येतं. पण शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईनं भर बाजारात जीभ सांभाळावी, म्हणून मी मुकाट्यानं पिशवी पुढे करते.

घरी येऊन ते सोलताना बोटं काळी होतात, एखादा काटा नखाच्या कडेला रुततो, आणि माझा उजवा गुडघा खूश होतो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ऑपरेशन झालेला गुडघा थंडीत ठणकत असेल असं लोकांना वाटतं. ज्याला त्याला काळजी. ठणकतो कधीमधी, खोटं कशाला बोलू? पण शिंगाड्याच्या दिवसांत त्याला जे होतं ते ठणकणं नव्हे. लांबच्या प्रवासाहून आल्यावर चपला काढताना पायांना जे वाटतं, त्याच्या आसपासचं ते काहीतरी आहे.

माझं माहेर सावलीकडचं. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला तलाव, आणि मधल्या पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, चिकटून आमची ढिवरांची घरं. बाबा जाळं टाकत. माय मासे विकत असे आणि पावसाळा सरला की शिंगाड्याची वेल सांभाळत असे. मी आधी जमिनीवर चालले की गाळात, हे मायलाही नक्की सांगता येत नाही. तलावात उतरणाऱ्या आमच्या पोरांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. गाळात पाय फसला की वर ओढायचा नाही. टाच घट्ट रोवायची, मांडीपासून अख्खा पाय एक झटका देऊन पिळायचा. गाळाची पकड ढिली होते आणि पाय सुटतो. मऊ गाळ, भोवती पाणी. पिळलेल्या पायाला फिरायला जागा असते. आम्ही ते पापणी लवावी तितक्या सहज करायचो.

पाळीखाली शाळेचं मैदान होतं आणि संध्याकाळी तिथे पोरींची कबड्डी चालायची. मी खेळायला लागले आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की या पोरीचा घोटा धरला तरी ती हातात राहत नाही. कशी राहणार? मी त्यांच्या हातांना गाळच समजत होते. टाच रोवायची, पाय पिळायचा, सुटायचं आणि मध्यरेषेकडे पळायचं. मला मरळ म्हणायला लागले, हातातून निसटणाऱ्या त्या मासळीवरून. मला त्या नावाचा इतका गर्व होता की माझं खरं नाव कुणी घेतलं तर मी वळून बघत नसे. आमच्या डाव्या कोपऱ्याला सुषमा खेळायची, माझ्याच आळीतली, माझ्याच वर्गातली. ती कशी खेळते असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. चढाई करून आले की मी पाणी प्यायचे आणि लोक माझ्याविषयी काय बोलतात ते ऐकायचे. बाकीचा सामना माझ्या दृष्टीनं मधली सुट्टी होती.

एक सामना होता, धान निघाल्यावरच्या दिवसांतला. कापलेल्या बांधीत पाणी मारून, धुम्मस करून मैदान केलेलं. वर कडक, सिमेंटसारखं. समोरच्या संघातल्या एका जाड मनगटाच्या पोरीनं माझा घोटा धरला. मी नेहमीसारखी टाच रोवली आणि पाय पिळला. टाच जमिनीत रुतून बसली, घोटा तिच्या मुठीत होता, आणि फिरायला जागा उरली होती फक्त गुडघ्यात. आवाज मला ऐकूच आला नाही. तो त्या पोरीनं ऐकला. तिनं चटका बसल्यासारखे हात सोडले आणि मी मध्यरेषेवर आडवी पडले. पंचांनी शिट्टी वाजवून तो गुण आम्हाला दिला. टाळ्या पडल्या. मला तेव्हा पायापेक्षा एकच गोष्ट कळत होती, की त्या पोरीचा चेहरा पांढरा पडला आहे आणि ती माझ्याकडे बघत नाही.

पुढचं सगळं आपल्याकडे जसं होतं तसंच झालं. लचक असेल म्हणून टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळून झालं, निर्गुडीचा पाला बांधून झाला. सूज उतरली तेव्हा मी हट्टानं पुन्हा मैदानात गेले आणि साधं वळताना गुडघा खालून निघून गेला. मग चंद्रपूर, मग नागपूर, मग फोटो, मग आतली दोरी तुटल्याचं निदान, आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत ऑपरेशन. ज्या दिवसांत अख्खं गाव पहाटे टोपली घेऊन रानात जातं, त्या दिवसांत मी खाटेवर पडून छताच्या कवेलूंकडे बघत होते. चिडचिड इतकी, की बाबा माझ्या खोलीशी येताना आधी खोकायचे.

व्यायाम शिकवायला ज्या डॉक्टरबाई होत्या त्या वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. आवाज हळू, पण ऐकून घेणाऱ्यांतल्या नाहीत. पावसाळ्यात एकदा त्यांनी विचारलं, "नेमकं झालं कसं? मला करून दाखव, पण डाव्या पायानं." मी त्यांच्या खोलीतल्या फरशीवर टाच रोवली आणि मांडीपासून पाय पिळून दाखवला. त्या खुर्चीवरून उठल्या.

"हे तू रोज करायचीस?"

"लहानपणापासून. पाय सुटते ना त्यानं."

"ही सवय सोडायची. आता पुन्हा कोणी पाय धरला तर पकडली जा. गुडघा सैल सोड, त्या खेचतील तिकडे जा, खाली बस."

"अन् मंग खेळायचं कसं, मॅडम?"

"ते मला नाही माहीत. मी कबड्डी खेळत नाही. हा गुडघा दुसऱ्यांदा तुटला तर मात्र काय होईल ते मला माहीत आहे."

बसमधून परत येताना मी खिडकीकडे तोंड करून रडले. माझा सगळा खेळ त्या एका झटक्यात होता. तो काढून घेतला तर मरळ म्हणून काय उरणार? आणि ठेवला तर पाय राहणार नव्हता. दोन्हींतलं एक गेलंच होतं, फक्त कोणतं ते मला ठरवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याहून मोठी भीती वाटत होती. मन काहीही ठरवो, पायानं कुठं ठरवलंय? तो तर न विचारता पिळला जाणार. माझा स्वतःच्या पायावर भरवसा राहिला नव्हता. गावात चालतानासुद्धा मी नाली दिसली की थांबायचे, कुणाचा तरी हात शोधायचे.

मग शिंगाड्याचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्या घरी रिकामं बसणं हा गुन्हा असतो. मायनं एका सकाळी कंबरेला पदर खोचला आणि म्हणाली, "चाल, डोंग्यात बस. बसून तोडाचं आहे, पाय काय लागते त्याले?"

"डॉक्टर रागावतील."

"डॉक्टरबाईनं घरात बसून राहा म्हणून सांगतलं काय? मले तं पोरीले चालव म्हणून सांगतलं."

डोंगा म्हणजे लाकडाची अरुंद होडी, एक माणूस आणि एक टोपली मावेल एवढी. तलावभर शिंगाड्याच्या वेलीची गोल पानं पसरलेली. वेल हलकेच पालटायची, खालच्या बाजूला लागलेली फळं बघायची, पिकलेली तेवढी काढायची आणि वेल होती तशीच पाण्यावर सुलटी ठेवायची. पिकलेलं फळ बोट लावताच हातात येतं. ओढावं लागलं तर ते कच्चं, राहू द्यायचं, पुन्हा काही दिवसांनी त्याच वेलीकडे यायचं. मी लहानपणापासून हे बघत होते आणि लहानपणापासूनच मला या कामाचा कंटाळा होता. एकच वेल इतक्या वेळा पालटायची! पण त्या वर्षी मला घाई करून कुठे जायचंच नव्हतं. पाण्याचा गारवा बोटांतून मनगटात चढायचा. बगळे डोंग्याच्या अगदी जवळ उतरायचे. काटे टोचून बोटं हुळहुळी व्हायची आणि दुपारी भाकरीला तिखट लागलं की सगळी एकदम बोंबलायची. कित्येक महिन्यांनी मी दमून झोपायला लागले होते. रागावून झोपण्यापेक्षा ते फार बरं होतं.

डोंग्यातून पाळीखालचं मैदान दिसायचं. पोरी सराव करायच्या. माझ्या जागी आता सुषमा चढाई करत होती. पहिले काही दिवस मी तिकडे पाठ करून बसले. मग मान आपोआप वळायला लागली, आणि हळूहळू मला तो खेळ दिसायला लागला, ज्यात मी इतकी वर्षं होते. पकडणारी पोरगी झेप घेण्याआधी तिच्या पायाचा चवडा किंचित बाहेर वळतो. कोपऱ्यातली पुढे यायच्या आधी शेजारणीचा हात दाबते. हे सगळं ती हालचाल व्हायच्या कितीतरी आधी दिसतं. सुषमा ते बघत होती, म्हणून तिला कुणाच्या हातात सापडून मग सुटावं लागतच नव्हतं. ती आधीच निघालेली असायची. आपल्या आळीतली ही पोरगी इतकी चांगली खेळते हे मला त्या डोंग्यात बसून कळलं. मला लाज वाटली, आणि गंमत म्हणजे थोडं हलकंही वाटलं. सगळा सामना आपल्याच पायांवर उभा आहे, हे ओझं मी उगाच वाहत होते.

एकदा तर मला राहवलं नाही. मी डोंग्यातूनच ओरडले, "सुषमे, मागची पाह्य! मागची आली!"

सुषमा सराव थांबवून पाळीवर चढून आली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन व, शिंगाडे तोडून राह्यली का पंचगिरी करून राह्यली? येवढं दिसते तं उद्यापासून पाळीवर येऊन बसत जाय. आमाले सांगत जाय."

मी जायला लागले. संध्याकाळी पाळीवर बसून मी त्यांना पाय बघायला सांगायचे, आणि सांगता सांगता स्वतः शिकायचे. पण बसून बघणं वेगळं आणि त्या मैदानात पाय ठेवणं वेगळं. कुणी घोटा धरला तर माझा पाय काय करेल, हे मला अजूनही माहीत नव्हतं.

ते कळलं तलावात. दिवाळी होऊन गेली होती. डोंगा वेलीत अडकला, आणि सवयीनं, काही विचार न करता, मी ढकलायला खाली उतरले. पाणी कमरेच्या वर होतं. उजवा पाय गाळात गेला आणि पिंडरीपर्यंत बसला. मी जागच्या जागी गोठले. मांडी आपण होऊन ताणली गेली, टाच रुतायला लागली. झटका येणार हे मला आतून कळत होतं, शिंक येणार हे जसं कळतं तसं. शेजारच्या डोंग्यातून मायनं बघितलं.

"पिळू नोको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण तिच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं होतं. "डोंग्यावर छाती टेक. सगळं वजन त्याच्यावर दे. पाय सोडून दे, तुया नाईच समज."

"निघत नाई, माय."

"नाई निघे तं नाई निघे. तुले कुठी जायचं आहे? पाणी खाली जाऊ दे."

मी डोंग्याच्या कडेवर छाती टेकली, गाल ओल्या लाकडावर ठेवला आणि पाय सोडून दिला. शिंगाड्याची पानं नाकाला लागत होती. मी रडतही होते बहुतेक. माय तिचा डोंगा हातानंच वल्हवत जवळ आली, पण तिनं मला ओढलं नाही. नुसती शेजारी थांबली. थोड्या वेळानं पायाभोवती गार पाणी शिरल्याचं कळलं. गाळ ढिला झाला. पाय सरळ, जसा गेला तसाच, वर आला. गुडघा जागच्या जागी होता. मी तो पाण्यातच दोन्ही हातांनी चाचपला आणि मला हसू फुटलं. मायलाही फुटलं. आम्ही दोघी त्या वेलीत अडकून खूप वेळ हसत राहिलो, आणि पाळीवरून जाणाऱ्या माणसांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा आधी त्यांनी मला यथेच्छ झापलं, आणि त्या बरोबरच होत्या. गाळात तो पाय घालायचं काहीच कारण नव्हतं. राग ओसरल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "तेव्हा शरीरानं जे केलं ते मला आता फरशीवर हवंय." मग दर खेपेला त्या माझा घोटा धरायच्या आणि मी सैल सुटायचे, बसायचे, लोळायचे. घरी सुषमा धरायची. पहिल्यांदा पायाला पटतच नव्हतं. हळूहळू पटलं.

आता माझ्या शाळेतल्या मुलींना मी हेच आधी शिकवते, पकडलं जाणं. त्यांना ते आवडत नाही. सुटायचं कसं ते शिकवा ना मॅडम, म्हणतात. मी म्हणते, तेही शिकवीन, आधी नीट पकडल्या जा. मग पडायचं कसं, दम सोडायचा कसा, उठायचं कसं. पालकांपैकी कुणीतरी एकदा मला विचारलं की तुम्ही पोरींना हरायला शिकवता का. मी तापट आहे, त्यामुळे काहीतरी उलट बोलले असेनच. खरं उत्तर मला नंतर घरी भांडी घासताना सुचलं. हरले तरी मी मोडत नाही, हे ज्या पोरीच्या पायाला माहीत असतं ती जास्त मोकळी खेळते. मला हे कळायला एक गुडघा आणि एक शिंगाड्याचा हंगाम लागला. त्यांचा गुडघा तरी वाचावा.

ऑपरेशननंतरचा माझा पहिला सामना महाशिवरात्रीच्या सुमाराचा. मार्कंड्याच्या जत्रेला जाणाऱ्या माणसांनी रस्ते भरले होते. माय आयुष्यात कधी माझा सामना बघायला आली नव्हती. पोरीला लोक धरून पाडतात ते बघायला कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. पण त्या दिवशी जत्रेहून परतताना सामना होता त्या वाटेतल्या गावात ती उतरली. कपाळाला भस्म, हातात प्रसादाची पुडी आणि पाण्याची बाटली. दोरीच्या बाहेर, बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. मी तिला बघितलं आणि नजर मैदानाकडे वळवली, कारण तिच्यासमोर पुन्हा काही झालं तर ती मलाच काय, कुणालाच मैदानाकडे फिरकू देणार नव्हती.

मी चढाईला गेले. आधीची मी असते तर थेट आत घुसले असते. या वेळी मी पाय बघितले. एकीचा चवडा वळला, मी तिला हात लावून निघाले. एक गुण. परत गेले, पुन्हा एक. मैदानात असताना इतकं मोकळं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं, अगदी मरळ म्हणायचे तेव्हासुद्धा नाही. तिसऱ्या खेपेला मात्र कोपऱ्यातलीनं मला फसवलं. मी समोर बघत होते आणि बाजूनं दोन हात आले आणि उजवा घोटा पकडला गेला.

गर्दीतून जुनी माणसं ओरडली, "पिळ! पिळ!"

त्या क्षणी माझ्या हातात काही नव्हतं. जे काय करायचं ते पाय करणार होता. आणि पायानं गुडघा सैल सोडला. मी खाली बसले, बाकीच्या पोरी अंगावर पडल्या, नाकातोंडात माती गेली, दम सुटला, शिट्टी वाजली. मी आउट होते. पोरी बाजूला झाल्या. मी हात टेकून, आधी डावा आणि मग उजवा पाय खाली घेऊन, कुणाचीही मदत न घेता उभी राहिले.

सगळं मैदान हळहळत होतं आणि बायकांच्या घोळक्यातून एकच बाई टाळ्या वाजवत होती. आजूबाजूच्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. प्रसादाची पुडी काखेत दाबून ती दोन्ही हातांनी, तोंडभर हसत, टाळ्या वाजवत राहिली.

मी दोरीपाशी गेले. लाजेनं नाही, हसूनच म्हणाले, "माय, मी आउट झाली. आपला गुण गेला. तू काऊन टाळ्या वाजवून राह्यली?"

"आउट झाली ते दिसलं मले," माय म्हणाली. "आंधळी नाई मी. उठली ना तू?"

तिनं पदरानं माझ्या तोंडावरची माती पुसली, पाण्याची बाटली हातात दिली आणि मला खांद्याला धरून दोरीच्या कडेला बसवलं.

"बस आता इथी," ती म्हणाली, आणि स्वतःही माझ्या शेजारी मांडी घालून बसली. "सुषमा जाऊन राह्यली पाह्य. तिचाबी खेळ पाहू दे."